भिंतीलगतचे वाफे

मळ्याला झारीने पाणी घालणाऱ्या काकांना सगळे झारीकाका म्हणायचे. आमच्या संशोधन केंद्रामागच्या मळ्यात टोमॅटोचे वाफे होते. काहींना खत आणि पाणी भरपूर, काहींना निम्मं आणि भिंतीलगतच्यांना जेमतेम जगण्यापुरतं. खतपाण्याचा मारा केला की फळं लगडतात, पण त्यांतला कस उतरतो, असं आमच्या प्रमुख बाईंचं म्हणणं. ते सिद्ध करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. मी प्रयोगशाळेत त्या फळांचा रस तपासायचो. काकांना मात्र हे कुणी कधी धड समजावलंच नाही. सांगितलं तेवढं खतपाणी ते मुकाट्याने घालायचे.

बायको गेल्यापासून ते मळ्यातल्या अवजारांच्या खोलीतच राहत. एक कॉट, एक स्टोव्ह, खिळ्याला शर्ट. मुलगा न्यायला आला की म्हणायचे, "तुझ्या तिसऱ्या मजल्यावर येऊन काय कुंड्या राखू?"

यंदा वरून फर्मान आलं. या हंगामात ठोस काही दाखवा, नाहीतर मळा मोडून तिथे गाड्या उभ्या करू. बाईंनी ते काकांच्या कानावर घातलं आणि तिथेच घोळ झाला. भिंतीलगतचे वाफे कमी पिकतात म्हणून आपल्यावर ही पाळी आली, असं त्या भल्या माणसाने मनाशी धरलं.

तोडणी झाली तर सगळ्या वाफ्यांची फळं सारखीच टपोरी. रस सारखाच पाणचट, जीवनसत्त्वही सारखंच उतरलेलं. मला वाटलं यंत्र बिघडलं. बाई तडक मळ्यात गेल्या, मी मागोमाग. काका नुसते फुलले होते.

"बघा ताई, यंदा एकालाही मागे राहू दिलं नाही. त्या भिंतीकडच्यांना रोज जास्तीची झारी घातली, वर मूठभर खतही सोडलं. उपाशी लेकरं हो ती, बघवत नव्हतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तोच बाईंनी माझा हात धरला. "छान आलंय, काका," एवढंच म्हणाल्या आणि बांधावर मटकन बसल्या.

मळा मोडला त्या दिवशी काका स्वतःच रोपं उपटत होते. मुलगा त्यांचं गाठोडं घेऊन फाटकाशी उभा होता. मला पाहून काका जवळ आले. माझा राग केव्हाच विरला होता.

"साहेब, खरं सांगा. आणखी पाणी हवं होतं का? माझं कुठे कमी पडलं?"

"नाही काका," मी म्हणालो. "तुमचं कुठेच कमी पडलं नाही."