भांडी घासून झाली की आई येते

गस्त संपवून जंगलातून डांबरी रस्त्याला लागलं की मोबाइलला रेंज येते. महिन्याभरापूर्वी तिथंच गाडी थांबवली आणि फोन वाजला. अंगणवाडीच्या सेविका वर्षाताई बोलत होत्या. "मॅडम, आपली कौसल्याबाई गेली. सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत..." किती वेळ गाडीला टेकून उभी होते, आठवत नाही.

नागभीडजवळच्या एका गावातल्या अंगणवाडीत कौसल्याबाई मदतनीस होत्या. झाडलोट करायची, पोरांना घरोघरून बोलावून आणायचं, खिचडी शिजवायची, भांडी घासायची... कागदावर त्यांचं काम एवढंच. चार वर्षांपूर्वी वनरक्षक म्हणून माझी त्या गावी बदली झाली तेव्हा माझी मुलगी मैत्री तीन वर्षांची होती. तोवर तिला चंद्रपूरला माझ्या आईनं सांभाळलं होतं. नवरा माजरीला खाणीत, सुटीच्या दिवशीच घरी यायचा. नव्या गावात आम्ही दोघीच, आणि सकाळची गस्त तर टळत नाही. म्हणून तिला अंगणवाडीत घातलं. पहिल्या दिवशी तिनं माझ्या खाकी बाहीला जे धरलं, ते सोडेचना. शेजारणीनं सल्ला दिला, "पोट्टीले खेळात लावा अन् मागच्या दारानं निघून जा." मी आठ दिवस तसंच केलं. तेवढ्या दिवसांत मैत्रीनं खेळणंच सोडलं. भिंतीला पाठ लावून बसायची आणि दोन्ही दारांवर नजर ठेवायची. घरी मी पाणी प्यायला उठले तरी किंचाळायची.

नवव्या दिवशी परत आले तर वर्षाताई फाटकाशी रडवेल्या उभ्या. मैत्री दिसत नव्हती. जंगलाकडं जाणाऱ्या पांदणीवर त्याच सकाळी मी वाघाच्या पावलांचे ठसे नोंदवले होते. मी धावत निघाले, तोच समोरून कौसल्याबाई आल्या, कडेवर मैत्री. नाल्यापाशी सापडली होती. "आईले शोधाले चालली होती," त्या धापा टाकत म्हणाल्या. पोरीच्या पायात एकच चप्पल होती.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं, मैत्रीला चंद्रपूरला पाठवते, नाहीतर नोकरी सोडते. त्यांनी चहा ठेवला. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमचं जानं तिले दिसतच नाई. मान वळवली का आई गायब. मंग ते खेळन कशी? चोरावानी काऊन जाता? सांगून जा. रडन. रडू द्या." आणि आपल्या सुनंदाचं सांगू लागल्या. सुनंदा अडीच वर्षांची असताना तिला झोपेत बहिणीपाशी ठेवून त्या तेलंगणात मिरची तोडायला गेल्या होत्या. "दोन महिन्यानं आली, तं पोरगी वळखे, पन जवळ ये ना. मंग आली, ते आठ वर्साची होयेपर्यंत माह्या पदराची गाठ बोटाले बांधून झोपे. मले तवा कोनी सांगतलं नवतं ना..." त्या चुलीकडं बघत राहिल्या. सुनंदा आता गडचिरोलीला सुखात नांदते, पण आईच्या मनातून ती गाठ सुटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मैत्रीसमोर उकिडवं बसवलं. तिच्या डोळ्यांत बघून मी सांगितलं, मी जंगलात जाते आहे, कौसल्याबाईंची भांडी घासून झाली की येते. पोरीला घड्याळ कळत नव्हतं, भांडी कळत होती. मी पुढच्या दारानं निघाले. तिचं रडणं हातपंपापर्यंत ऐकू येत होतं. मागं बघितलं तर कौसल्याबाई तिला कडेवर घेऊन दारातच उभ्या. त्या तिला 'उगी' म्हणत नव्हत्या, हात हलवायला लावत होत्या. पहिल्या आठवड्यात साहेबांना विनंती करून मी तासाभरातच परतायचे, आणि कौसल्याबाईही सकाळचीच चार भांडी मुद्दाम काढून बसायच्या. मैत्री शेजारी बसून पेल्यानं पाणी ओतायची. हळूहळू तो तास वाढत गेला. महिन्याभरात रडणं उंबरठ्यापुरतं उरलं.

आणि मग तो दिवस आला. जंगलालगत वाघानं गाय मारली. पंचनामा, जमलेला गाव, कुणाची समजूत घालायची, कुणाला मागं हटवायचं... फोनला रेंज नाही. एकला यायची ती मी पाचला पोचले. वाटभर एकच विचार, महिन्याभराचं सगळं मातीत गेलं. अंगणवाडीला केव्हाच कुलूप लागलेलं. पायरीवर कौसल्याबाई आणि मैत्री बसलेल्या, पुढ्यात खिचडी शिजवायचं मोठं पातेलं, इकडं त्याला गंज म्हणतात, कडेनं भात वाळून पापुद्रा धरलेला. मला बघून मैत्री अगदी शांतपणे म्हणाली, "आई, अजून गंज राहिला आहे."

कौसल्याबाई उठता उठता हळूच म्हणाल्या, "बाकी सारं घासलं. हा ठेवला. घासला असता तं तुम्ही खोट्या पडल्या असत्या, मॅडम."

चार तास त्या तशाच बसून होत्या, घरचं काम टाकून. मग आम्ही तिघींनी मिळून तो गंज घासला. मैत्रीनं पाणी ओतलं. मी नुसती घासत राहिले.

महिन्याभरापूर्वी त्या गेल्या, ते मैत्रीला सांगायचं होतं. शेजारीण म्हणाली, गावाला गेल्या म्हणून सांगा, लहान आहे. ते मला जमलं नाही. तिला जवळ बसवलं आणि सांगितलं की कौसल्याबाई मेल्या, आता त्या परत येणार नाहीत. ती खूप रडली. मी तिला रडू दिलं. नंतर आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. सुनंदानं तिला मांडीवर घेतलं.

मैत्री आता दुसरीत आहे. गेल्या रविवारी मी न्हाणीत होते, तेव्हा दारावर थाप पडली. "आई, मी रियाकडे चालली. तिची आई पापड लाटून राह्यली. ते झाले की येते." मी डोक्यावरून पाणी घेत होते, उत्तर द्यायचं राहून गेलं. पण पावलांचा आवाज झाला नाही. नळ बंद केला तेव्हा कळलं, ती दाराबाहेर तशीच उभी होती. "हो गं, जा," मी म्हणाले. तेव्हा कुठं तिच्या चपला अंगणातून पळत गेल्या.