इंजिनाला पावडर

दिवाळीनंतर लग्न होऊन मी सौंसरला आले आणि त्याच हिवाळ्यात बागेच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन ऑइल गाळायला लागलं. घरच्या गव्हाला पाणी द्यायला ते चालायचं आणि खालची फरशी रोज काळी व्हायची.

संत्र्याची झाडं तेव्हा ताणावर होती. बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची आणि संक्रांतीच्या सुमारास पाणी सोडायचं, की झाड फुलांनी भरतं. पण एकदा सुरू केलेलं पाणी मध्येच थांबलं तर फुलं गळतात आणि वर्ष हातचं जातं. ऑइल संपून इंजिन जाम झालं असतं तर तेच होणार होतं. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्या काळजीने जेवण जात नव्हतं.

पांढुर्ण्याचा मिस्त्री दोनदा येऊन गेला. एका बाजूचं पॅकिंग बदललं की ऑइल दुसरीकडून यायचं. "म्हातारं झालं काका. भंगारात देऊन टाका," असं तो म्हणाला. एरवी त्याला बसस्टँडपर्यंत पोचवणारे मामाजी त्या दिवशी खाटेवरून उठलेच नाहीत.

मला यंत्रातलं काही कळत नव्हतं. पण घाणीत काही शोधायचं नसतं, आधी जागा पुसून घ्यायची, एवढं कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रॉकेल, चिंध्या आणि लग्नात आलेला पावडरचा डबा घेऊन विहिरीवर गेले.

"काय करून राहिली बाई?" मामाजींनी विचारलं.

"इंजिन पुसून राहिली जी."

"अन् डबा कायले? त्याले नवरी पाहाले जायचं हाय का?"

मी वरून खाली, एकेक भाग करत सगळं कोरडं केलं आणि हाताने पावडर लावली. हिरवं इंजिन पांढरं झालं. मामाजी हसून हसून खोकायला लागले. कित्येक दिवसांत हसले नव्हते.

"आता चालू करा. ऑइल जिथून निघेल तिथली पावडर पहिल्यांदा ओली होईल."

त्यांनी हँडल मारलं. आम्ही दोघं दोन बाजूंनी वाकून बघत राहिलो. थोड्या वेळाने माझ्या बाजूच्या झाकणाखाली डाग आला. "इथं!" मी ओरडले. "इथं बी!" ते पलीकडून ओरडले. मग चाकामागे तिसरा डाग उमटला. सगळीकडून एकदमच! माझी पद्धतच मोडीत निघाली असं वाटलं.

मामाजी मात्र इंजिनाला कान देऊन वाकले. त्यांनी ऑइल भरायचं बूच सैल केलं, तर आतून फुस्सकन हवा आली आणि त्यांच्या सदऱ्यावर ऑइल उडालं.

"याच्या पोटात तं वारा धरला! वाट नाई भेटली म्हणून जिथून जमन तिथून निंघून राहिला, अन् ऑइल घेऊन राहिला संगं."

"मग वाट कुठे असते त्याची?"

त्यांनी इंजिन बंद केलं आणि बाजूला वर वळलेली एक लहानशी नळी दाखवली. मी अंबाड्यातली पिन काढून आत घातली. काहीतरी अडलं. हळूहळू वर ओढलं, तर बोटाच्या पेराएवढा, ऑइल पिऊन फुगलेला देठ आला.

मामाजींनी तो तळहातावर घेतला, धोतराला पुसला. उजेडात धरला.

"झेंडू हाय," ते म्हणाले. "दसऱ्याचा. पूजेले दरसाल मीच खोवतो तिथं, औंदा देठ तुटून आतच राह्यला. ती नळी मले फुलासाठीच केल्यासारखी वाटे." आणि इंजिनाकडे वळून, "बाप्पा, फूल वाह्यलं अन् गळाच दाबला तुह्या."

मी हसू दाबायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

नळी साफ केल्यावर पावडर पुन्हा लावली. ती कोरडीच राहिली. संक्रांतीला पाणी सुटलं ते थांबलं नाही. पुढे बागेत फुलांचा वास इतका दाटला, की जेवणाचा डबा घेऊन गेले की माझं डोकं जड व्हायचं. मामाजी मात्र तिथेच बसून दोन भाकरी जास्त खायचे.

पुढच्या दसऱ्याला त्यांनी इंजिनाला हार घातला, कुंकू लावलं आणि एक झेंडू हातात धरून उभे राहिले.

"हे कुठी ठेवू बाई?"

"टाकीवर ठेवा जी."

"पडन तिथून."

"पडू द्या."

त्यांनी जरा विचार केला आणि फूल माझ्यापुढे धरलं. "तूच खोव डोक्यात. तुह्या पावडरचा डबा तं यानंच संपवला."