याडी आली

मला लोकांना हसवता येतं. हे मी लाजतबिजत सांगत नाही. सुरुवात गावातल्या गणपतीच्या मांडवात झाली, आता महागावापासून पांढरकवड्यापर्यंत कुठंही उभी करा, पाच मिनिटांत समोरच्या बाया तोंडाला पदर लावतात. फक्त माझं तोंड कोणी पाहिलेलं नव्हतं. स्टेजवर मी डोक्यापासून मानेपर्यंत दुपट्टा गुंडाळायचे, वर काळा गॉगल. आमच्याकडे मार्च लागला की स्कुटीवरची प्रत्येक बाई अशीच दिसते, सख्खा नवराही ओळखत नाही. मग वेगळा वेश शिवायचा कायले? पोस्टरवर नाव एकच, दुपट्टेवाली.

तोंड काहून लपवता, असं आयोजक विचारायचे. मी सांगायचे, शाळेत शिकवते, हेडमास्तरांना आवडणार नाही. शुद्ध थाप. आमचे हेडमास्तर मोबाइलवर माझेच व्हिडिओ बघायचे आणि वर मलाच म्हणायचे, "मॅडम, ही बाई ऐका एकदा." खरं कारण माझी आई होती.

आम्ही बंजारा, तांड्यावरचे. घरात गोरबोली, बाहेर मराठी. गोरबोलीत आईला याडी म्हणतात. पहिलीत मला महागावच्या शाळेत घातलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच मी डबा विसरले आणि ती तो घेऊन चालत वर्गाच्या दारात आली. मी आनंदानं ओरडले, "बाई, माही याडी आली." आमच्या बाई बाहेरगावच्या, नव्या. त्यांना ऐकू आलं येडी. "आईला येडी म्हणतेस? धर कान." मी कान धरले, वर्ग खिदळला. दारात उभ्या असलेल्या तिला हसणं कळलं, कशाचं ते कळलं नाही. डबा उंबऱ्यावर ठेवून ती निघून गेली. त्या दिवसापासून चारचौघांत मी तिला आई म्हणायला लागले. काहून, असं तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता गंमत बघा, हाच प्रसंग माझा सगळ्यात चालणारा विनोद. बाईंचा आवाज मीच काढते, पहिलीतल्या माझाही मीच. फक्त शेवट बदललाय. माझ्या विनोदातली आई गप्प बसत नाही. ती बाईंना म्हणते, "येडीच हाओ मी, बाई. म्हनून त हिले तुमच्या शाळेत टाकली." इथं टाळ्या पडतात, दरवेळी. पण तिची जिथं शोभा झाली, तेच विकून मी टाळ्या घेते, हे तिला कळलं तर? एवढ्यासाठी तो दुपट्टा होता.

गेल्या उन्हाळ्यात पांढरकवड्याला महिला मेळावा होता, रविवारी दुपारी. घरी मी सांगितलं, ट्रेनिंग आहे. कार्यक्रम रंगात आला आणि तिसऱ्या रांगेत मला आमच्या तांड्यावरचा बचत गट दिसला. मधोमध माझी आई. तिनंही घरी कुठं सांगितलं होतं म्हणा. ती माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती, डाव्या कानामागे बघत होती. माझ्या दुपट्ट्याची गाठ तिथं बसते, बाकी बायांची उजवीकडे. ती डावखुरी, आणि बांधायला मला तिनंच शिकवलं. म्हटलं, बोंबललं सगळं.

तो विनोद टाळता आला असता. माझ्याकडे दुसरे का कमी आहेत? पण भिऊन विनोद गाळला तर मी दुपट्टेवाली कसली. सुरू केला. डबा आला, दार आलं, येडी आलं, हॉल खदखदला. ती हसली नाही. मग तिचं वाक्य आलं आणि मी तिथंच अडले. खरी ती समोर बसलेली असताना, जे ती कधी बोललीच नाही ते तिच्या नावावर कसं खपवू? मी माईक खाली घेतला. पुढच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

तेव्हा ती उठली. तिला माईक लागत नाही, एका शेतातून दुसऱ्या शेतात हाक मारणारा आवाज आहे. "येडीच हाओ मी, बाई. म्हनून त हिले तुमच्या शाळेत टाकली."

तांड्यावरच्या पोरींच्या मोबाइलवर तिनं मला किती वेळा ऐकलं होतं, कोण जाणे. माझ्या कुठल्याच कार्यक्रमात हॉल असा हसला नाही. खरं सांगते, आधी हेवाच वाटला. वाक्य माझं आणि टाळ्या तिला. मग रडू आलं, गॉगल कामी आला. ती अजून उभीच होती, मागच्या बाया "बसा बसा" करत होत्या. मी माईकमध्ये म्हणाले, "याडी, बैस आता."

तोंडातून गेलं ते गेलं. बचत गटातल्या सगळ्या बाया एकदम माझ्याकडे वळल्या. मी गॉगल काढला, कानामागची गाठ सोडली. लपवायला काही उरलंच नव्हतं.

शेजारची बाई तिला विचारत होती, "तुमची पोरगी हाये का हो?"

खाली बसता बसता ती म्हणाली, ते मला स्टेजवर ऐकू आलं. "याडी म्हनलं तिनं मले. एवढ्या लोकाईत. आयकलं ना तुमी?"