खिडकीतला संसार

बाजाराच्या कोपऱ्यावरचा फोटो स्टुडिओ नवरा-बायको मिळून चालवायचे. फोटो ती काढायची, फ्रेमा तो करायचा. त्यामुळे गल्लीला ती फोटोवाली काकू, आणि तो नुसताच काकूंचा नवरा. त्याला त्याचं काही वाटत नसे. स्वभावाने तो भित्रा, शेजारचं शटर पडलं तरी दचकणारा. बायको मात्र रडणाऱ्या पोराला हसवील आणि बडबड्या पुढाऱ्याला गप्प बसवील, अशी.

दुकानाला रस्त्याच्या बाजूने काचेची मोठी खिडकी होती. वर्षभरातले जे फोटो काकूंना मनापासून आवडत, ते त्या माणसांना विचारून खिडकीत लावत. खाली पुठ्ठ्याच्या पट्टीवर दोन शब्द लिहीत: 'पहिला पगार', 'आजोबा आणि जुळ्या', 'चाळीस वर्षांचा संसार'. तिथे वशिला चालत नसे, म्हणून तर त्या खिडकीला मान होता. लग्न ठरलं की लोक हॉलच्या आधी काकूंची तारीख घेत.

एका दुपारी दोघीजणी आल्या. एक दवाखान्यातली नर्स, दुसरी शिवणक्लासवाली. एकाच घरात राहायच्या, आणि गल्ली त्यांना 'मैत्रिणी' म्हणून मोकळी व्हायची. नर्सबाई चाचरत म्हणाली, "काकू, आम्हाला एकत्र राहून पंचवीस वर्षं झाली. नवरा-बायकोचा काढता ना, तसा फोटो हवाय."

"मग उभ्या काय राहिलात? बसा की," काकू म्हणाल्या.

फोटो धुऊन आला तेव्हा काकू तो हातात धरून बराच वेळ बघत बसल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आयुष्य गेलं माझं 'जवळ सरका, अजून जवळ सरका' म्हणण्यात. या दोघींना सांगावंच लागलं नाही. हा खिडकीत जाणार."

नवऱ्याने आधी रस्त्याकडे पाहिलं. दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना कायद्याने लग्न करता यावं की नाही, यावरून तेव्हा रान पेटलं होतं. रोज मोर्चे निघत होते, सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. बाजारातले सगळे दुकानदार मात्र शहाणे. गिऱ्हाईक ज्या बाजूचं, त्या बाजूला मान हलवायची आणि माल बांधायचा.

"आपलं दुकान आहे, सभा नाही," तो म्हणाला.

"सभा कोण घेतंय? चांगला फोटो आहे, लावतेय. वाईट असता तर पाया पडलात तरी लावला नसता."

त्या दोघींना विचारून काकूंनी फोटो मधोमध लावला आणि खाली लिहिलं, 'पंचवीस वर्षांचा संसार'.

ठिणगी पडली ती त्या शेवटच्या शब्दाने. संध्याकाळच्या आत व्यापारी मंडळाचे अध्यक्ष, कापडवाले शेठ, हजर झाले. माणूस वाईट नव्हता, समजुतीनेच बोलला. "काकू, फोटो राहू दे. पट्टी तेवढी बदला. 'दोन मैत्रिणी' लिहा. साप मरेल, काठी मोडणार नाही."

फ्रेमवाल्या नवऱ्याला वाटलं, देव पावला. पण काकूंनी विचारलं, "शेठ, तुमच्या फोटोखाली काय आहे?"

"चाळीस वर्षांचा संसार."

"तुमचं नि वहिनींचं चार वर्षं बोलणं नाही, हे गल्लीतल्या मांजरालाही माहीत आहे. मी 'दोन शेजारी' लिहिलं का कधी?"

शेठ लालबुंद झाले. "आमचा फोटो काढून द्या," म्हणाले. काकूंनी तो उतरवला, काच पुसली, कागदात नीट गुंडाळून हातात दिला. "जपून न्या. फोटो फार छान आलाय," असंही म्हणाल्या, आणि ते मनापासून.

मग फोटो परत न्यायला रीघच लागली. कोणी तावातावाने आलं, कोणी खाली मान घालून. "आमचं काही नाही हो काकू, पण सासरची माणसं..." प्रत्येकाचा फोटो त्या तशाच काच पुसून देत. शाळेने वर्गांचे फोटो समोरच्या नव्या दुकानाला दिले. लग्नाच्या तारखा रद्द झाल्या. शेवटी फ्रेमवाल्याची सख्खी बहीण मुलीचा फोटो न्यायला आली, तेव्हा मात्र काकू काच पुसायची विसरल्या. "वन्सं, तुम्हीसुद्धा?" एवढंच म्हणाल्या. ती गेल्यावर मागच्या खोलीत जाऊन तोंड धुऊन आल्या.

खिडकीत आता एकच फोटो उरला. भोवती रिकामे खिळे. दुसऱ्या दिवशी फ्रेमवाला काकूंच्या आधी दुकानात आला आणि पट्टी काढून खिशात घातली. काकूंनी आल्याबरोबर पाहिलं. ओरडल्या नाहीत, रुसल्या नाहीत. नवा पुठ्ठा कापून तेच शब्द पुन्हा लिहायला बसल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला झालं.

शाई वाळायच्या आत त्या दोघी दारात उभ्या. शिवणक्लासवाली रडवेली झाली होती. "काकू, काढा तो फोटो. आमच्यापायी तुमचं वाटोळं होतंय."

काकूंनी पेन ठेवलं. "माझ्यासाठी म्हणत असाल तर ऐकणार नाही. तुम्हाला त्रास होत असेल, तुम्हाला नको असेल, तर आत्ता उतरवते. खरं सांगा."

शिवणक्लासवालीने डोळे पुसले. मग नर्सबाई हळूच म्हणाली, "मी रोज ड्यूटीवर जाताना वाट वाकडी करून इथून जाते. बघायला. मला हवाय तो."

आत फ्रेमवाल्याच्या हातातली हातोडी तशीच राहिली. त्याने खिशातून चुरगळलेली जुनी पट्टी काढली, बाहेर आला आणि बायकोला म्हणाला, "नवी कशाला लिहितेस? हीच लावू. माझं चुकलं." आणि स्वतःच्या हाताने त्याने ती फोटोखाली ठोकली.

आठवडाभराने शेठ पुन्हा 'पट्टी बदला' म्हणायला आले, तेव्हा काकू आत फोटो काढत होत्या. "शेठ, आम्ही ठरवलंय ते ठरवलंय," फ्रेमवाला म्हणाला. आवाज थोडा कापला, पण वाक्य पुरं झालं. आतून काकूंनी ऐकलं आणि समोरच्या माणसाला 'हसा' म्हणायचं विसरून स्वतःच हसल्या.

सगळं पूर्ववत झालं असं नाही. शाळा परत आली नाही ती नाहीच. बहिणीच्या घराशी संबंध तुटला तो सांधायला दोन वर्षं गेली, आणि तिने फोटो काही परत आणला नाही. पण नर्सबाईच्या हाताखालून बरी होऊन गेलेली माणसं एकेक करून यायला लागली. एकदा दूरच्या गावाहून एक म्हातारे गृहस्थ मुलाला आणि मुलाच्या जोडीदाराला घेऊन आले. अंगावरचा कोट कडक इस्त्रीचा. "इथे नीट काढतात असं ऐकलं," एवढंच बोलले. फोटो काढताना मात्र दोघांच्या मध्ये बसायचा हट्ट धरला.

पुढे वारं फिरलं, अशा जोडप्यांच्या बाजूने बोलणं मानाचं झालं. तेव्हा एक तरुण कार्यकर्ता रुबाबात फोटो काढून गेला आणि न्यायला आला तेव्हा म्हणाला, "काकू, माझा खिडकीत लावा. मी तुमच्याच बाजूचा आहे."

काकूंनी फोटो उजेडात धरला. "बाजू ठीक आहे बाळा, पण मान वाकडी आलीय. पुन्हा बस."

तो हिरमुसला, पण बसला. फ्रेमवाल्याने स्टूल सरळ करून दिलं.