मोजणीदार अजून भिंतीपाशी

बोरसे सरांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या अंकात त्यांच्या शिकवण्याविषयी इतर मंडळी लिहितीलच. मला संपादकांनी ‘त्या खेळाबद्दल’ लिहायला सांगितलं आहे. आधीच सांगते, या लेखात गौरवाबरोबर एक मागणीही आहे.

जळगावच्या पॉलिटेक्निकमध्ये मी पहिल्या वर्षाला होते. जर्नलवर सही घ्यायला प्रयोगशाळेत गेले, तर सर काचेच्या पेल्यात मिठाचं दाट पाणी करून त्यात वीस बाजूंचा एक फासा तरंगवत होते. टिचकी मारायची, फासा फिरून थांबला की वर आलेला आकडा बघायचा.

“पाटील, काय दिसतं?”

“सतरा. पुन्हा सतराच.”

“म्हणजे?”

“त्या बाजूला आत पोकळी असेल, सर.”

सरांनी तो फासा खणात टाकून दिला. परदेशातल्या मित्राने पाठवलेल्या खेळाच्या खोक्यातला तसा तो एकच होता. त्याच्या जागी बिस्किटाच्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या आल्या. “भीती बनावट चालेल, नशीब बनावट चालणार नाही,” असं म्हणून त्यांनी मला रविवारी दुपारी घरी बोलावलं.

खेळाला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. सर सूत्रधार. आम्ही चार-पाच विद्यार्थी एकेक पात्र घ्यायचो आणि ते काय करतं हे बोलून सांगायचो. प्रत्येक पात्राला ठरावीक ‘भान’ असे. सोसवणार नाही असं काही समोर आलं की चिठ्ठी काढायची. आकडा शिल्लक भानापेक्षा मोठा निघाला की भान कमी. सगळं भान संपलं की पात्र आपलं राहत नाही, सूत्रधाराचं होतं. खोक्यातल्या गोष्टी परमुलखातल्या होत्या. सरांनी त्या धरणगावजवळच्या एका बंद जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, आणल्या. सरकी साठवायच्या खड्ड्याखाली काहीतरी होतं, तापीच्याही आधीचं. त्याला माणसाचं वाईट करायचं नव्हतं; माणूस आहे हेच त्याच्या गावी नव्हतं. सरांनी त्याचं वर्णन कधीच केलं नाही. आवाज खाली आणत ते एवढंच विचारत, “तुम्हाला काय ऐकू येतंय?” घरी जाताना सायकलची घंटीसुद्धा नकोशी वाटे.

मुलगी रविवारी सरांकडे भुताखेतांत बसते, हे आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या कानावर गेलं. ते गावाहून थेट सरांच्या दारात.

“मास्तर, हाऊ काय खेळ शे? बठ्ठा येडा व्हई ग्यात का?”

सगळेच वेडे झालात का, या प्रश्नावर सरांनी वाद घातला नाही. पाट दिला, चहा दिला आणि आबांना जिनिंगच्या मालकाचं पात्र दिलं. खड्ड्यातून आवाज आला. आम्ही सगळे खाली उतरायला निघालो. आबा म्हणाले, “मी काई जावाव नही. कुलूप लावा अन् घर चाला.”

सर खुर्चीत मागे रेलून हसले. “आबा, या खेळात इतकं शहाणं आजवर कुणी वागलं नाही. तुमचं भान शाबूत!” त्यानंतर आबांनीच मला दर रविवारी विचारलं, “कुलूप टिकनं का?”

सरांचा एक शिरस्ता मला सर्वांत मोलाचा वाटतो. आमच्यातल्या प्रमोदचा भाऊ विहिरीत बुडून गेला होता. एका रविवारी खेळात पाण्याचा आवाज आला आणि प्रमोद पांढराफटक पडला. सरांनी डबा बंद केला, त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि विचारलं, “नाव काय? गाव कोणतं? उद्या कुठे जायचं?” “उद्या वर्कशॉप,” तो शेवटी म्हणाला. तेव्हापासून प्रत्येक खेळाच्या शेवटी प्रत्येकाला हे तीन प्रश्न. उत्तर दिल्याशिवाय घरी जायचं नाही. घाबरवलेल्या माणसाला परत आणून सोडणं ही सूत्रधाराची जबाबदारी, असं सर मानत.

तो शिरस्ता एकदाच मोडला. माझं पात्र मोजणीदाराचं. खड्ड्याखालच्या बोगद्यात तो साखळीने अंतर मोजत शेवटच्या भिंतीपर्यंत गेला होता. तिथून मोजत परत निघाला, तर जाताना भरल्या होत्या त्याहून जास्त साखळ्या भरल्या तरी बोगद्याचं तोंड आलं नाही. वळून पाहिलं, तर भिंत पुन्हा पाठीशीच. भान शेवटचं उरलं होतं. मी डब्यात हात घालणार, तोच सरांच्या आई धुळ्याला अत्यवस्थ असल्याची तार आली. सर तसेच निघाले. आईंसाठी त्यांनी पुढे बदलीही धुळ्याला मागून घेतली. आम्ही नोकऱ्यांना लागलो. चिठ्ठी निघाली नाही आणि मला ते तीन प्रश्न कुणी विचारले नाहीत.

मी आता भुसावळजवळच्या वीजकेंद्रात नियंत्रण कक्षात काम करते. फेरीला जाताना मीटर वाचते आणि परत येतानाही वाचते. तशी गरज नसते.

गेल्या वर्षी सरांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. आवाज परत येतो आहे, पण हळू. धुळ्याला भेटायला गेले तेव्हा म्हटलं, “सर, मोजणीदार अजून भिंतीपाशी उभा आहे.”

“अजून? बसायला तरी सांगायचं त्याला,” सर कुजबुजले. “आता हा आवाज कुठे पुरणार, पाटील?”

आतून त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, म्हणाल्या, “पुरो नाहीतर न पुरो. जिनिंगची ती गोष्ट एकदाची संपवा. आतून ती ऐकल्यापासून इतकी वर्षं मी एकटी तळघरात उतरत नाही.”

मी अक्कांच्या बाजूची आहे. महत्त्वाच्या जागी सर आवाज नेहमी खालीच आणत. कुजबुज पुरेल.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि घसा लवकर पूर्ण बरा होवो. चिठ्ठ्यांचा डबा त्या रविवारपासून माझ्याकडेच आहे. एकूण एक चिठ्ठ्या आहेत. सर म्हणतील त्या रविवारी मी तो घेऊन धुळ्याला येईन. आकडा कोणताही निघो, मोजणीदार सूत्रधाराचा होवो की माझा राहो, त्यानंतर सरांनी मला तेवढे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरं केव्हाची तयार आहेत.