मंजुळाबाईचं मत आणि माझी तालीम

देऊळघाटात मंजुळाबाईचा आवाज घड्याळासारखा वापरात होता. ती सकाळी शेतातल्या माळ्यावर उभी राहून ज्वारीवरची पाखरं हाकलायला लागली, की गावातल्या बाया दूध तापवायला ठेवत. तिचा आवडता प्रश्न एकच. "काऊन?" चौथीनंतर पोरीची शाळा बंद, काऊन? शेतात राबायचं दोघांनी आणि कागदावर नाव एकाचं, काऊन?

सदतीस सालच्या निवडणुकीत जमीनवाल्यांच्या बायकांनाही मत मिळालं, तेव्हा अर्ज करून यादीत गेलेली ती गावातली पहिली बाई. तिचे घरधनी नारायणराव हसले.

"मत द्याले अक्कल लागते. मी मागच्या खेपेले देलं हाय."

त्या अकलेची गोष्ट गावाला पाठ होती. त्या मागच्या निवडणुकीत लिहिता न येणाऱ्यानं उमेदवाराचं नाव मतदान घेणाऱ्या साहेबाच्या कानात सांगायचं असे. नारायणराव कानानं जरा अधू. त्यांनी ते इतक्या मोठ्यानं सांगितलं, की बाहेरच्या रांगेतून "बराब्बर!" असा जबाब आला.

"तू पेटीत चिठ्ठी टाकून आली, तं त्या रोजच्या भाकरी मी थापीन," ते म्हणाले.

"साऱ्याइच्या?"

"साऱ्याइच्या!"

मंजुळाबाई तडक माझ्याकडे आली. मी मुलींच्या शाळेतली मास्तरीण. बुलढाण्यात संमेलनासाठी दोन नाटकं बसवली होती. एकात राजानं तलवार उलटी धरली होती, पण टाळ्या पडल्या. त्यामुळे जगातलं कोणतंही काम तालमीनं तडीला जातं, असा माझा पक्का समज झाला होता.

या वेळी कानात सांगणं बंद. उमेदवारागणिक वेगळ्या रंगाची पेटी. मी रॉकेलच्या डब्यांना पतंगाचे कागद चिकटवले, फटी पाडल्या आणि मंजुळाबाईच्या मागून यादीत गेलेल्या धरून चौदा बायांची तालीम लावली. वडिलांचा कोट घालून साहेब मीच.

"या मंजुळाबाई! ही घ्या चिठ्ठी. घडी घाला. पडद्यामागे जा. फटीतून आत. डब्यावर ठेवायची नाही."

"डब्याच्या पाया पडाव का?" गीताबाईनं विचारलं. ही मंजुळाबाईची शेजारीण.

"नाही!"

चार दिवसांत बाया अशा तयार झाल्या, की मला दिग्दर्शक म्हणून गहिवरून आलं.

मतदानाच्या दिवशी पुरुषांची रांग आटोपून बायांची पाळी आली तेव्हा चार वाजून गेले होते; मंजुळाबाई सगळ्यांत पुढे. तिच्यामागे गीताबाई, मग मी. आतले खरेखुरे साहेब नागपूरकडचे. त्यांनी यादीतून मान वर केली.

"नाव?"

"मंजुळा."

"यादीत मंजुळा कोणी नाही. बायका नवऱ्याच्या नावावर लिहिल्यात. कोणाच्या पत्नी?"

मंजुळाबाईनं पदर ओढला. अख्ख्या शिवाराला ऐकू जाणारा तो आवाज गडप.

"बाई, नवऱ्याचं नाव सांगा."

"आमच्या घरचे."

चार दिवस घडी शिकवली, फट शिकवली. पण तालमीत साहेब मी होते, आणि मी प्रत्येकीला नावानं हाक मारत होते! चौदा जणींपैकी एकीनंही आजवर नवऱ्याचं नाव तोंडातून काढलेलं नव्हतं. नाटकाचं पहिलंच वाक्य मी त्यांच्याऐवजी म्हणून टाकलं होतं.

"उखाण्यात घ्या," मी मागून कुजबुजले.

"इथे लग्न नाही," साहेब म्हणाले. "सांगायचं नसेल तर बाजूला व्हा."

मंजुळाबाई हलली नाही. तिनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि गीताबाईचं मनगट धरून तिला पुढे ओढलं.

"साहेब, माह्या घरच्याइचं नाव हिले इचारा. हिच्या घरच्याइचं मले इचारा."

"हिच्या घरच्याइचं नाव चिंतामण," असं तिनं लगेच सांगूनही टाकलं.

"नारायण," गीताबाई म्हणाली. "सासऱ्याचं बी सांगते, तेबी तिले घ्याले चालत न्हाई. उकंडराव."

"दुसरीनं सांगून कसं चालेल?"

"काऊन?" आवाज परत आला होता. "मी कोन हाय हे दुसऱ्यानंच सांगा लागते न? म्या सांगतलं तं तुम्ही म्हनसान, खोटं बोलते."

साहेबांनी नियमांची पुस्तिका दोनदा चाळली. मग निमूटपणे चिठ्ठी काढून दिली.

मग मला काय राहवतंय! माझं नाव वडिलांच्या नावासकट यादीत होतं. दोन मिनिटांचं काम. पण मी रांग सोडली आणि बाहेर जोड्या लावत सुटले. "आशाबाई, तुम्ही इकडे! एकमेकींची नावं पाठ म्हणा! आवाज मोठा!" शेवटची जोडी आत गेली आणि शिपायानं दार लावलं.

"थांबा, माझं मत!"

"पाच वाजले, मास्तरीणबाई."

दिवेलागणीला मंजुळाबाईकडे गेले. नारायणराव परातीपुढे बसले होते आणि त्यांच्या भाकरीला चार कोपरे आले होते. मंजुळाबाई उंबऱ्यावरून सूचना देत होती. "पातळ थापा. कडा सांभाळा."

मला बघून म्हणाली, "बाई, तुम्ही कोन्त्या पेटीत टाकलं?"

"ते गुप्त असतं," मी रुबाबात म्हटलं.

"पन टाकलं न?"

मी चुलीकडे पाहिलं.

"काऊन?"

अधू कानाच्या नारायणरावांना नेमकं एवढं सगळं ऐकू आलं. त्यांनी हात झटकले आणि परात माझ्याकडे सरकवली. "या. पेटीपावतर न पोचनाऱ्याची जागा इथं हाय."

मी बांगड्या मागे सारल्या. पहिलीच भाकर तव्यावर टाकताना मधोमध फाटली.

"बाई," मंजुळाबाई म्हणाली, "याची तालीम घेतली न्हाई वाटते."