जवसाच्या तेलाचा पाव

हिंगणघाटला गिरणीच्या वाटेवर प्रेमदासची पावभट्टी होती. नागपूरच्या एका बेकरीत राबून तो कारागीर झाला होता. मोजमाप असं काही नाहीच. मळलेला मैदा अंगठ्याने दाबायचा आणि मान हलवायची. मी अकरा वर्षं त्याच्याकडून पाव घेतला आणि अकरा वर्षं त्याला शिकवलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी आम्हाला दर शुक्रवारी भाजणं शिकवलं होतं, त्यामुळे मला विचारल्याशिवाय तालुक्यात काही भट्टीत जाऊ नये, असं माझं प्रामाणिक मत होतं. प्रेमदासने मात्र मला कधीच काही विचारलं नाही.

१९८३ साली वनस्पती तुपात जनावराची चरबी असते अशी बोलवा उठली. प्रेमदास पावात मूठभर वनस्पती घालतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीन दिवसांत गिऱ्हाईक तुटलं. आणखी आठवडाभर असंच चाललं तर भट्टी विझवून पुन्हा नागपूरला नोकरी धरावी लागेल, असं त्याच्या बायकोने, अन्नपूर्णाने, मला सांगितलं. मी शाळेतली डायरी काखेत मारून निघाले.

डायरीत किलोभर मैद्याला पाव किलो लोणी लिहिलेलं होतं. लोणी परवडणारं नव्हतं, म्हणून मी तेवढंच जवसाचं तेल ठरवलं. आमच्याच शेतातला जवस, ओळखीचा घाणा. त्यात कोण काय मिसळणार? प्रेमदासने डबा हातात घेतला. "बाई, येवढं टाकाचं?" मी नोंद तारखेसकट वाचून दाखवली. तारखेला मान देऊन त्याने डबा मैद्यात रिकामा केला.

पाव फुगलाच नाही. वास नव्या रंगवलेल्या दारासारखा. तरीही, लोकांचा विश्वास परत यावा म्हणून तो फुकट वाटायची कल्पना माझीच. भाजी विकणाऱ्या कमलाबाईने तुकडा दाबला, तर बोटं तेलाने माखली.

"बाई, हे खावाचं का दाराले लावाचं?"

ज्यांना नुसता संशय होता, त्यांची आता खात्रीच पटली.

तेव्हा प्रेमदासने अकरा वर्षांत पहिल्यांदा मला थांबवलं. आवाज न चढवता म्हणाला, "तुमी आता फक्त बसा." मग कमलाबाईकडे वळला. "तुमच्या घरचं तेल घेऊन येजा. तुमच्यासमोर टाकतो."

दिवाळीत लोक नानकटाईसाठी घरचंच तूप घेऊन त्याच्याकडे जात. तीच रीत त्याने पावाला लावली. दुसऱ्या दिवशी कमलाबाईने करडीचं तेल आणलं. त्याने त्यातले दोन चमचे घेतले, बाकीचं परत केलं. पाव मऊ झाला, आणि बाजारभर ही गोष्ट कमलाबाईनेच सांगितली. मग बाटल्या येऊ लागल्या: सरकीचं, तिळाचं, एकीचं तर साजूक तूप. दहा-बारा दिवसांनी त्याने स्वतःच करडीच्या तेलाचा डबा आणला आणि रोज सकाळी गिऱ्हाइकांसमोर त्यातून तेल घालू लागला.

महिन्याभरात ते बघायला कोणी थांबेना. पाव घ्यायचा आणि निघायचं. मी तेवढी थांबत असे, प्रमाण लिहून घ्यायला. शेवटी त्यालाच सांगावं लागलं, "बाई, जराशा सरका. मागं लोक खोळंबून राह्यले."